गाभोळीसकट

आमच्या वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी एक पाटी होती आणि त्या पाटीच्या बरोबर खाली नाखवाबाई बसत. शांतता मोडायचा अधिकार तिथे फक्त त्यांना होता. त्यांचा आवाज करंजाच्या बंदरावर घडलेला. धक्क्यावर उभं राहून होडीतल्या माणसाशी वाऱ्यावरून बोलायचं, तर जेवढा आवाज लागतो तेवढा त्यांनी देवघेवीच्या टेबलावर आणला आणि तीस वर्षं तसाच वापरला. ‘‘ओ, पुटपुटताय काय, देवळात हाय का आपण? पुस्तकाचं नाव सांगा!’’ असं त्या म्हणाल्या, की वाचनकक्षातली सगळी वर्तमानपत्रं एकदम खाली येत. तक्रारी होत. मी वाचनालयाचा मानद कार्यवाह, म्हणून त्या माझ्याकडे येत. मी त्या गंभीर चेहऱ्याने ऐकून घेई आणि काही करत नसे. बँकेतल्या सगळ्या नोकरीत तेवढं एक शास्त्र मी नीट शिकलो होतो.

बाईंची आई उरणच्या बाजारात मासळी विकायची. लहानपणी बाई तिच्या शेजारी पाटावर बसत आणि गिऱ्हाईक माशाचा कल्ला उघडून आत लाल आहे का बघतं, ते बघत. पुस्तकाच्या बाबतीत त्यांनी हीच पद्धत ठेवली होती. नवं पुस्तक आलं, की मलपृष्ठावरचा मजकूर, प्रस्तावना, लेखकाचा फोटो हे सगळं सोडून त्या दोन्ही अंगठ्यांनी ते बरोबर मध्ये उघडत. अर्धं पान वाचत. मग निकाल देत. ‘‘ताजं हाय,’’ किंवा ‘‘बर्फातलं हाय.’’ एकदा पनवेलमधलेच एक कादंबरीकार आपल्या पुस्तकाच्या पाच प्रती भेट द्यायला स्वतः आले होते. बाईंनी त्यांच्यासमोरच अंगठे घातले, वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘बर्फातलं.’’ त्या गृहस्थांना वाटलं हा काहीतरी वर्गीकरणाचा प्रकार असावा. ते आभार मानून गेले.

मी जन्मात मासा खाल्लेला नाही, त्यामुळे बाईंची निम्मी उदाहरणं मला समजावून घ्यावी लागत. त्याही न कंटाळता समजावत. वर ‘‘तुमचं आयुष्य जरा अळणीच गेला, कार्यवाह,’’ असं म्हणून घेत.

त्यांची दुसरी खोड म्हणजे वाचक मागेल ते पुस्तक त्या देतीलच असं नसे. माणसाच्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, ‘‘ते आज नको. हे न्या.’’ माणूस चिडे, हे घेऊन जाई आणि आठवड्याने ‘याचा दुसरा भाग आहे का’ विचारत येई. माझ्यावर मात्र त्यांनी याच्या बरोबर उलटा प्रयोग केला. गाढी नदीला मोठा पूर आला, त्याच्या आधीच्या डिसेंबरात माझी पत्नी गेली. घरी एका माणसाचा चहा टाकायचा मला कंटाळा येई, म्हणून मी सकाळी दहापासून वाचनालयातच येऊन बसू लागलो. तेव्हा बाईंनी स्वतःहून मला निळ्या कापडी बांधणीची एक दोन भागांची जाडजूड कादंबरी काढून दिली. पहिला भाग मी चार दिवसांत संपवला. त्यातले नवरा-बायको पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत भांडतात, आणि तेही भाजीत मीठ किती, खिडकी उघडी की बंद अशा गोष्टींवरून. मला ती माणसं फार ओळखीची वाटली. मी दुसरा भाग मागायला गेलो.

‘‘बाहेर हाय,’’ बाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी परत विचारलं. बाहेर हाय. महिन्याने विचारलं. अजून बाहेर हाय. मी म्हटलं, ‘‘बाई, एवढे दिवस पुस्तक कोण ठेवून घेतं? त्याला पत्र पाठवा.’’ त्या म्हणाल्या, ‘‘पाठवते,’’ आणि दुसऱ्याच वाचकाशी ओरडून बोलू लागल्या.

त्यानंतरच्या पावसाळ्यात गाढी नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. पुस्तकं बरीचशी वरच्या मजल्यावर होती आणि खालची होती ती बाईंनी वाचकांची साखळी लावून जिन्यावरून वर पोचवली. त्या दिवशी त्यांच्या आवाजाबद्दल कोणी तक्रार केली नाही. पण सूचिपत्राचं कपाट तेवढं राहिलं. एकेका पुस्तकाचं एकेक कार्ड, अशी छोट्या खणांची ती सागवानी वस्तू चौघांनाही हलेना. पाणी ओसरल्यावर खण उघडले, तर आत नुसता लगदा. कुठलं पुस्तक कुठे आहे, हे आता एकाच ठिकाणी नोंदलेलं होतं, ते म्हणजे नाखवाबाईंचं डोकं.

आणि वर्षभराने, ऑगस्टअखेर, ते डोकं निवृत्त होणार होतं.

कार्यवाह म्हणून माझी झोप उडाली. बाई मात्र निवांत. कोणी काही मागितलं, की डोळे मिटत आणि म्हणत, ‘‘वरचा मजला, खिडकीकडचं तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा, पिवळ्या पुस्तकाच्या उजवीकडे.’’ तिथे ते असेच. पण माझ्या मनात निराळीच भीती बसली होती. तो दुसरा भाग. पुरानंतरही ‘बाहेर हाय’ हेच उत्तर. कोणाकडे, ते सांगता येत नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं की बाईंना ते पुस्तक सापडत नाही आणि त्या कबूल करत नाहीत. म्हणजे त्यांचं विसरायला सुरुवात झाली आहे. आज एक गेलं, उद्या दहा जातील. हे डोकं रिकामं व्हायच्या आत कुठेतरी उतरवून घेतलं पाहिजे.

संगणक मिळवले तेही बाईंनीच. त्यांचा भाऊ जासईच्या एका कंटेनर यार्डात कारकून होता. तिथले दोन जुने संगणक कळंबोलीला भंगारात निघाले होते. ते भरलेला टेम्पो भावाने मधेच पनवेलकडे वळवला. पहिला सुरू केला तर त्यात इतके व्हायरस होते, की तो आपणच आपल्याला बंद करी. दुसरा रिकामाच निघाला; त्यात नेहमीची सिस्टिम नव्याने टाकायची, तर परवाना विकत घ्यावा लागेल किंवा चोरीची प्रत टाकावी लागेल. अध्यक्ष म्हणाले, सार्वजनिक न्यासात चोरीचं काही चालणार नाही. विकतचं काही चालणार नाही, हे त्यांना म्हणावं लागलं नाही.

तेव्हा बाईंना त्या तबकड्या आठवल्या. आमच्याकडे एक संगणकविषयक मासिक येई. त्याबरोबर सीडी येत. मासिकाबरोबर आलेली वस्तू वाचकाला घरी द्यायची की नाही, यावर समितीत ठराव झालेला नव्हता, म्हणून त्या सगळ्या एका खणात पडून होत्या. त्यांतल्या तीन सीड्यांवर लिनक्स होतं, म्हणजे संगणक चालवायची दुसरी एक सिस्टिम. फुकट, कोणीही टाकावं, कोणालाही द्यावं. बाईंनी त्याबरोबरचा लेख वाचला आणि म्हणाल्या, ‘‘हे आपल्या वाचनालयासारखाच हाय. आमी करतो.’’

आमी म्हणजे त्या एकट्याच. वय सत्तावन्न, टंकलेखनाची परीक्षा पास, संगणकाला त्याआधी हात लावलेला तो फक्त पुसण्यापुरता.

पहिल्यांदा त्यांनी सीडीवरचं सगळं टाकलं. एक अख्खा दिवस गेला. शेवटी रंगीत पडदा आला, पण एक खिडकी उघडायला सांगितली, की ती उघडेपर्यंत चहा होई. यार्डातला तो जुनाट डबा आणि त्याच्या पाठीवर एवढं ओझं. बाईंनी यादी तपासली. ‘‘कार्यवाह, यात पत्त्यांचे सात खेळ हायेत. वाचनालयात पत्ते?’’ त्यांनी ते काढायला सांगितलं. संगणकाने पडदाभर नावांची यादी दाखवली आणि विचारलं, हे सगळं काढू का, हो की नाही?

बाईंनी मला बोलावलं. ‘‘एवढी नावं कशाला दाखवतो हा? हो म्हणू?’’

इथे माझा कबुलीजबाब. बँक आणि समित्या मिळून चाळीस वर्षं मी लांबलचक याद्यांखाली न वाचता ‘मंजूर’ लिहीत आलो होतो. मी चष्माही लावला नाही. म्हटलं, ‘‘हो म्हणा.’’

पत्ते गेले, आणि पत्त्यांना धरून खिडक्या, चित्रं, रंग, सगळा पडदाच गेला. पुन्हा सुरू केल्यावर काळ्याभोर काचेवर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती. बाईंनी तिच्यावर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, ‘‘तुमी न वाचता सही करता हे मला ठाऊक होतं, कार्यवाह. त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.’’

पण त्यातून त्यांना आपली वाट सापडली. लेखात लिहिलंच होतं, मशीन जुनं असेल तर नुसता पाया घाला आणि लागेल तेवढंच वर चढवा. बाईंना हे एकदम पटलं. मासा घरी आणला की आधी खवलं, पर, आतडी, सगळं काढायचं आणि मग तवा ठेवायचा, असं त्या म्हणाल्या. ‘‘लागतं तेवढंच ठेवायचा. बाकी मांजरीला.’’

मग सुरू झाला तो महिनाभराचा छळ. पाया घातला, की काळा पडदा आणि ती लुकलुकणारी रेघ. ‘‘डोळा मिचकावतोय मुडदा!’’ असं टेबलावरून ऐकू आलं, की समजायचं, आजही नाही. वाचक तेवढ्यात डोकावून ‘बिघडला का हो?’ विचारत, आणि बाई ‘‘नाय, विचार करतोय. तुमीपण करा कधीतरी,’’ असं उत्तर देत. पडदा चढवला, तर मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ लिहून झोपी जाई. तो जागा झाला तर माऊस हलेना. माऊस हलला तर कळफलक मुका. प्रत्येक वेळी बाई पुन्हा पायापासून सुरुवात करत. हे सगळं त्यांनी पुस्तकांच्या दाखल-नोंदवहीत लिहिलं आहे. अनुक्रमांक, दिनांक, काय चढवलं, कुठल्या सीडीवरून, आणि शेवटच्या रकान्यात ‘का’. उडालं तर त्यापुढे लाल शाईत ‘बाद’. असे लाल शेरे एकतीस आहेत, मी मोजले.

वाचनालयात इंटरनेट नव्हतं. दुपारच्या सुट्टीत बाई बाजारातल्या सायबर कॅफेत जात आणि कुठल्यातरी मदतीच्या चर्चापानावर आपली अडचण मोडक्या इंग्रजीत लिहून येत. एकदा तिकडून कोणीतरी दीड ओळीचं उत्तर पाठवलं, की उगाच विचारू नका, आधी माहितीपुस्तक वाचा. मला राग आला. बाईंना उलट भारी आनंद झाला. ‘‘बरोबर बोलला तो. आमी तीस वर्षं लोकांना हेच सांगतो!’’ त्यांनी ते माहितीपुस्तक छापून आणलं, पूर्ण वाचलं, आणि मग त्याच गृहस्थाला त्याच्याच उत्तरातली चूक पानाच्या क्रमांकासह कळवली. त्यानंतर तो सविस्तर उत्तरं देऊ लागला.

मार्चमध्ये एका सकाळी मी गेलो, तर काचेवर साधा राखाडी पडदा होता आणि त्यावर काहीच नव्हतं. चित्र नाही, बटण नाही. माऊसची उजवी कळ दाबली, की चार ओळींची एक यादी येई, तीत एक ओळ तक्त्याच्या प्रोग्रॅमची. ती दाबली, की तो क्षणात उघडे. बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. ‘‘बघा. एक काटा नाय.’’

मी पेढे आणायला निघालो होतो. त्यांनी म्हटलं, थांबा, पहिली नोंद तर करते. त्यांनी मराठीत एका पुस्तकाचं नाव टंकलं. काचेवर उमटले ओळीने सात रिकामे चौकोन.

दुसरं नाव टंकलं. पाच चौकोन. ‘ज्ञ’ असो की ‘क’, सगळ्याचा चौकोनच. इंग्रजी अक्षरं मात्र स्वच्छ. मी बाईंना इतकं खचलेलं पुरातसुद्धा पाहिलं नव्हतं. पहिल्यांदाच त्या हळू आवाजात बोलल्या. ‘‘पाच महिने राह्यले, कार्यवाह. नाय जमायचा बहुतेक.’’ मलाही भीती वाटली, पण त्या वेळी ती पुस्तकांसाठी होती, बाईंसाठी नव्हती. हे आज लिहिताना मला लाज वाटते.

अकरा दिवस ते चौकोन तसेच राहिले. बाराव्या दिवशी सोमवारी बाई दारातूनच ओरडत आल्या. वर्तमानपत्रं खाली आली.

‘‘गाभोळी! कार्यवाह, मी गाभोळी फेकली!’’

मला अर्थातच कळलं नाही. त्यांनी पर्स ठेवायच्या आधी समजावलं. काही माशांच्या पोटात अंड्यांची पिशवी असते, ती गाभोळी. माशापेक्षा ती चवीची. पण ती असते आतड्यांना लागूनच, त्यामुळे नवशिका माणूस साफ करताना घाणीबरोबर तीही फेकतो. बाई नऊ वर्षांच्या असताना आईने त्यांना पहिल्यांदा विळीवर बसवलं आणि त्यांनी हेच केलं. मांजरीने ती पळवली. आई त्यांना एक शब्द बोलली नाही. तिने मांजरीलाच सांगितलं, ‘‘खा गो बाय, पोटभर खा. आमची पोर श्रीमंत झालीय.’’

‘‘काल वहिनी साफ करीत होती, तेव्हा डोक्यात आला,’’ बाई म्हणाल्या आणि नोंदवही उघडून लाल शाईची एक ओळ मला दाखवली. तिसऱ्या सीडीवर भारतीय भाषांच्या अक्षरवळणांचा, म्हणजे फॉन्टचा, एक गठ्ठा होता. बाईंना वाटलं, ही लग्नपत्रिकेसारखी नक्षीची अक्षरं असणार. ‘का’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: ‘शोभेचं. नको. बाद.’

गठ्ठा चढवायला दहा मिनिटं लागली. चौकोनांच्या जागी एकेक अक्षर उघडत गेलं, जोडाक्षरांसकट. बाईंनी लाल ‘बाद’वर काट मारली आणि शेजारी निळ्या शाईत ‘आईची क्षमा मागून परत घेतलं’ असं लिहिलं. तीही ओळ मी जपून ठेवली आहे.

मग पुस्तकं उतरवायची. बाईंनी नियमच काढला. पुस्तक परत आणणाऱ्याने दहा नोंदी टंकल्याशिवाय नवं पुस्तक मिळणार नाही. बाई खुर्चीत डोळे मिटून कपाट, कप्पा, पुस्तक, लेखक असं म्हणत जात आणि समोर कळंबोलीचा एखादा लोखंडाचा व्यापारी एका बोटाने घाम गाळत असे. ‘‘शेठ, गर्डर उचलत नाय आहात, अलगद दाबा.’’ लोक कुरकुरत, पण येत. काही जण वेळेच्या आधीच पुस्तक परत आणू लागले, नोंदी करायला मिळाव्यात म्हणून.

दिवसाकाठी मी ते तपासत असे. एकदा पाहिलं तर लेखकाच्या शेजारी बाईंनी आणखी एक रकाना उघडला होता, ‘शेरा’. त्यात होतं: ‘काटे फार. सावकाश वाचणाऱ्यालाच द्यावं.’ दुसऱ्या एका पुस्तकापुढे: ‘ताजं, पण दुसऱ्या दिवशी चव जाते.’ तिसऱ्यापुढे: ‘बारावी नापास झालेल्यांना. आईबापांनाही चालेल.’ आणि एका मान्यवरांच्या आत्मचरित्रापुढे: ‘पान ११७ नाही. कोणाला कळलेलं नाही.’

मी हसलो आणि मग माझ्यातला बँकवाला जागा झाला. वर्षाकाठी तपासणी असते. वरून माणूस येतो. त्याने सूचिपत्रात ‘काटे फार’ वाचलं तर? मी बाईंना सांगितलं, हा रकाना काढून टाका. आणि मोठ्या हुशारीने पुढे म्हटलं, ‘‘तुमचंच तत्त्व आहे बाई. लागतं तेवढंच ठेवायचं.’’

बाईंनी माझ्याकडे बघितलं. आता मला वाटतं, त्यांच्या आईने त्या मांजरीकडे असंच बघितलं असेल. मग म्हणाल्या, ‘‘बरं. साफ करते.’’ दुसऱ्या दिवशी रकाना गेलेला होता.

नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात जातात, म्हणून बाईंनी सूचिपत्राचाही मुहूर्त तोच धरला. भल्या सकाळी करंजाला समुद्राला नारळ देऊन आल्या, संगणकाला हळद-कुंकू लावलं, आणि मला पहिलं नाव शोधायचा मान दिला. मी काय शोधलं, हे सांगायला नको. निळी कादंबरी, भाग दुसरा. काचेवर जागा आली: ‘बांधणीला’.

‘‘बाहेर होतं ना?’’ मी विचारलं.

‘‘आलं. फाटून आलं. बांधायला दिलं,’’ बाई म्हणाल्या आणि नारळीभाताचा डबा उघडून त्यांनी तो विषय मिटवला. मी मनात म्हटलं, बघा, विसरतातच. पण आता काळजी नव्हती. डोकं उतरवून घेतलं होतं. ऑगस्टअखेर त्यांना शाल-श्रीफळ दिलं. त्या गेल्या आणि वाचनालयात शांतता पसरली. दोन दिवसांत ती आम्हाला सोसेनाशी झाली.

पुढचं सगळं एका अडकलेल्या कळीमुळे झालं. दीडेक वर्षाने एकदा मी कुठलंसं पुस्तक शोधत होतो आणि कळफलकावरची उजव्या बाणाची कळ दाबलेलीच राहिली. कर्सर धावत सुटला. चार रकाने गेले, रिकामे रकाने गेले, रकान्यांच्या माथ्यावरची एपासून झेडपर्यंतची अक्षरं संपून जोडीची सुरू झाली, मी कळीवर थापटतोय, आणि एकदम काचेवर मजकूर आला. मी नखाने कळ उचलली.

शेरे होते. सगळे. एकही न गाळता, पुस्तकाच्या ओळीला ओळ लावून, कोणी कधी जाणार नाही इतक्या लांब उजवीकडे बाईंनी ते नेऊन ठेवले होते. काटे फार, चव जाते, पान ११७, सगळं जिथल्या तिथे. मी वाचत खाली जात राहिलो. वाचक येऊन समोर उभे राहत होते, त्यांना मी हातानेच थांबा म्हणत होतो. मग निळ्या कादंबरीची ओळ आली.

‘भाग दुसरा. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात. यात ती जाते. कार्यवाहांना इतक्यात देऊ नये. दोन वर्षं तरी जाऊ द्यावीत.’

तो खण पुरात फुगलेला होता. नव्या ग्रंथपालाने तो कधी उघडलाच नव्हता. तिघांनी मिळून ओढला तेव्हा आला. आत पुरानंतरच्या तारखेच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक, बांधणी शाबूत, एक पान फाटलेलं नाही. ते इतक्या वर्षांत कधी बाहेर गेलेलं नव्हतं, बांधणीलाही नव्हतं. बाई काही विसरल्या नव्हत्या.

मी ते तीन दिवसांत वाचलं. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात एकटा बसून खूप रडलो. भाजीत मीठ कमी झालं तर आता सांगायचं कोणाला, एवढंच त्या नवऱ्याला शेवटी पडलेलं असतं. ते तेव्हा वाचलं असतं तर माझं काय झालं असतं, मला माहीत नाही. आता वाचलं आणि उठून खिडकी उघडली.

बाई निवृत्तीनंतर पनवेलजवळच करंजाड्याला भाच्याकडे राहत. भाच्याने फोनवर सांगितलं, ‘‘आत्या या वेळेला उरण नाक्याला असते, पनवेलच्या मासळी बाजारात.’’ मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मासळी बाजारात शिरलो, पांढरा शर्ट, धोतराचा सोगा उचलावा तशी पँट वर धरून. बायका हसत होत्या. एकीने तर ‘‘आजोबा, वाट चुकला काय?’’ म्हणून विचारलं. पण बाईंना शोधावं लागलं नाही. आवाज ऐकू येत होता.

त्या उकिडव्या बसून एका मोठ्या माशाचा कल्ला अंगठ्याने उघडून बघत होत्या. मान वर करून त्यांनी मला पाहिलं. ‘‘अगो बाय! कार्यवाह? धरम बुडाला तुमचा!’’

मी म्हटलं, ‘‘बाई, दुसरा भाग वाचला.’’

कुठे मिळाला, कसा मिळाला, त्यांनी काही विचारलं नाही. कल्ल्यातला अंगठाही काढला नाही. ‘‘कधी?’’

‘‘परवा संपला.’’

‘‘रडलात?’’

‘‘रडलो.’’

‘‘मग बराबर टायमाला मिळाला,’’ बाई म्हणाल्या आणि मासा विकणारीकडे वळल्या. मग काहीतरी आठवल्यासारखं पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘आता ती ओळ काढून टाका. साफ करायची हौस हाय ना तुमाला जाम. आणि पाय जपून टाका, खाली निसरडा हाय.’’

ती आमची शेवटची भेट. पुढे भाच्याची बदली झाली आणि त्या त्याच्याबरोबर लांब गेल्या. आजही त्या डोळ्यांपुढे येतात त्या टेबलामागे बसलेल्या नव्हे, तर अंगठा कल्ल्यात घालून मान वर करून बघणाऱ्या.

बाजारातून मी तडक वाचनालयात आलो. बुटांना वास येत होता आणि वाचक नाकं मुरडत होते. मी तो राखाडी पडदा उघडला, उजवीकडे लांबवर गेलो आणि ती ओळ पुसायला कर्सर तिच्यावर नेला. मग तिथून हललो. अख्खा शेऱ्यांचा रकाना उचलला आणि परत आणून लेखकाच्या शेजारी ठेवला, कोणालाही दिसेल असा, काट्यांसकट, पान ११७ सकट आणि ‘कार्यवाहांना इतक्यात देऊ नये’ यासकट. संगणकाने विचारलं, हा बदल कायम करू का, हो की नाही?

या वेळी मी चष्मा लावला, नीट वाचलं आणि हो म्हटलं.